मुंबई बंदराचें भांडवल आणि वेसाव्याची खाडी

मुंबई बंदराविषयीं लिहितांना बहुतेक लेखक निसर्गाच्या देणगीपासून आरंभ करितात. पूर्वेकडील पाणी खोल, पश्चिमेचा वारा बेटानें अडविलेला, कुलाब्याच्या आडोशास शेंकडों गलबतें निर्धास्त राहतील एवढी जागा. तेव्हां येथें मोठें बंदर होणें हें विधिलिखितच होतें, असा त्यांचा सूर असतो. आम्हांस हा सूर अपुरा वाटतो. गलबतास आसरा देणें हें निसर्गाचें काम आहे. गलबतांतील माल कोरड्या जमिनीवर आणून ठेवणें हें पैशाचें काम आहे, आणि इंग्रज मुंबईस आल्यानंतर हें दुसरें काम नीट व्हावयास दोनशें वर्षें लागलीं.

मुंबईस लागून असलेल्या साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या अंधेरी तालुक्यांत, वेसाव्याची खाडी आहे. तिच्या मुखाशीं मढच्या टेंकडावर पोर्तुगीजांच्या अमदानींतला किल्ला अद्यापि उभा आहे. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो घेतला. १७७४ सालीं साष्टीबरोबर तो इंग्रजांच्या हातीं गेला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. ज्या खाडीच्या तोंडावर तीन सत्तांनीं आपलें निशाण लावण्याची खटपट केली ती खाडी क्षुल्लक मानतां येत नाहीं. पुढें मात्र तेथें ना गोदी झाली, ना वखारी, ना आगगाडीचा फांटा. वेसाव्याचें पाणी उथळ व मुखाशीं वाळूचा बांध, हें कारण खरेंच आहे. परंतु तेवढेंच नाहीं. बंदरांत पैसा कोण घालतो, कोणत्या आशेनें घालतो, आणि आशा फसली म्हणजे तो बुडतो कोणाचा, हे प्रश्न विचारल्यावांचून या दोन किनाऱ्यांतील अंतर उलगडत नाहीं. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

आरंभीं सत्ताधाऱ्यांचें जें भांडवल किनाऱ्यावर खर्च झालें तें जहाजें बांधण्याकरितां व डागडुजीकरितां होतें, मालाकरितां नव्हे. आपल्याकडील उदाहरण विजयदुर्गच्या खाडींतील गिर्ये येथील गोदीचें. खडक फोडून व दगडी बांध घालून केलेलें तें काम मराठ्यांच्या आरमाराची गरज भागविण्यासाठीं होतें. त्यांतून वसूल यावयाचा नव्हता, आणि यावा अशी अपेक्षाही नव्हती. मुंबईंतही तसेंच. लवजी नसरवानजी वाडिया हे सुतारकामाचे कसबी १७३६ च्या सुमारास सुरतेहून आले, १७५० सालीं कंपनीची पहिली सुकी गोदी पुरी झाली, आणि १८१० पर्यंत डंकन गोदी उभी राहिली. तेथें बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ति विलायतेपर्यंत गेली. पण त्याच काळांत त्या जहाजांतून येणारा माल कसा उतरत असे? जहाज खाडीच्या मध्यावर नांगर टाकून राही. त्याच्या बाजूस पडाव किंवा मचवा लागे, गांठोडीं दोरानें खालीं सोडीत, पडाव भरतीची वेळ साधून किनाऱ्याशीं येई, आणि मग हमाल गुडघाभर चिखलांतून तीं गांठोडीं डोक्यावर घेऊन बंदरावर आणीत. पावसाळ्यांत हें काम कैक दिवस बंद पडे. एक जहाज रिकामें होण्यास आठवडेच्या आठवडे जात, आणि जहाजाचा प्रत्येक पडून राहिलेला दिवस म्हणजे मालकाचा तोटा. मुंबईचें बंदर सुरक्षित होतें, स्वस्त नव्हतें.

या अडचणींत पहिला धाडसी पैसा घालणाऱ्यांमध्यें एक मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांस लोक भाऊ म्हणत, यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सरकारची परवानगी मिळवून समुद्र भरविला आणि उतारूंस व मालास उतरतां येईल असा धक्का बांधला. आजचा भाऊचा धक्का मूळच्या जागेवर नाहीं, पण नांव त्यांचेंच आहे. भाऊंच्या उद्योगांत पुढील शंभर वर्षांच्या इतिहासाचें बीज दिसतें. समुद्रांत भर टाकली कीं दोन वस्तू एकदम निर्माण होतात: कडेस धक्का, आणि त्यामागें जमीन. धक्क्याचें उत्पन्न हळूहळू येतें. जमिनीची किंमत मुंबईसारख्या अरुंद बेटावर झपाट्यानें वाढते. म्हणून बंदराच्या नांवानें येणाऱ्या पैशाची नजर पाण्याकडे थोडी आणि जमिनीकडे फार, असा प्रकार येथें प्रथमपासून झाला.

याचें मोठें उदाहरण एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीचें. ही कंपनी १८५८ सालीं निघाली. तिच्या नांवांतील ‘प्रेस’ म्हणजे कापसाच्या गांठी दाबण्याचे दाब. छापखान्याशीं तिचा संबंध नव्हता. १८६२ सालीं तिनें सरकारशीं करार केला. आगगाडीच्या शेवटच्या ठाण्याकरितां शंभर एकर जमीन भरून सरकारास फुकट द्यावयाची, आणि त्याच्या मोबदल्यांत अडीचशें एकर समुद्र स्वतःकरितां भरून घ्यावयाचा. याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध भडकलें. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसास सोन्याचा भाव आला. त्या चार-पांच वर्षांत मुंबईस नेहमीपेक्षां सुमारें आठ कोटि दहा लक्ष पौंड अधिक आले, असा हिशोब तेव्हांपासून सांगण्यांत येतो. एवढा पैसा एका लहान शहरांत सांचला म्हणजे त्यास वाट पाहिजे असते. ती वाट समुद्र भरण्याच्या कंपन्यांत सांपडली. बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांचें नांव घरोघर झालें. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हां अर्धें शहर नादार झालें होतें. बँक ऑफ बाँबेही त्या लाटेंतून वांचली नाहीं.

या नादारीची कथा पुष्कळांनीं रंगवून सांगितली आहे. आम्हांस तिच्या पुढील भाग अधिक बोधक वाटतो. बॅक बे कंपनीच्या हातून बंदराचें कांहींच झालें नव्हतें. एल्फिन्स्टन कंपनीनें मात्र धक्के बांधले होते, जमीन खरोखर भरली होती. ती बुडाली असती तर पूर्वेकडील सारा किनारा धनकोंच्या भांडणांत अडकला असता. १८६९ सालच्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला. विलायतेचा रस्ता हजारों मैलांनीं कमी झाला आणि आगबोटींची रीघ लागणार हें उघड दिसूं लागलें. अशा वेळीं सरकारनें कंपनीची मिळकत विकत घेतली, आणि १८७३ च्या कायद्यानें ‘पोर्ट ट्रस्ट’ नांवाची संस्था निर्माण करून ती मिळकत, तिच्या कर्जासह, त्या संस्थेच्या माथीं दिली. कर्नल बॅलर्ड हे तिचे पहिले अध्यक्ष. म्हणजे मुंबईची ही बंदर-संस्था जन्मास आली ती एका सट्ट्याचें ओझें डोक्यावर घेऊन. फायदा झाला असता तर तो भागीदारांचा होता. तोटा झाला तो सार्वजनिक झाला. ज्यांनीं मोठमोठ्या रकमा घालून बंदराचें काम सुरू केलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांच्यावांचून तें काम आणखी वीस वर्षें रखडलें असतें. परंतु खाजगी साहसाच्या स्तुतिपाठांत या खरेदीचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून तो येथें केला.

नव्या संस्थेपुढें आणखी एक पेंच होता. किनाऱ्याचे कांहीं भाग खाजगी मालकांच्या हातीं होते आणि ते आपले दर उतरवून माल आपल्याकडे ओढीत. १८७५ सालीं ससून यांच्या पेढीनें कुलाब्यास भरलेल्या जमिनींत गोदी बांधली. दरवाजे लावून भरतीचें पाणी कोंडणारी ही हिंदुस्थानांतील पहिली गोदी. १८७९ सालीं ट्रस्टनें ती विकत घेतली. बंदराच्या व्यवहारांत स्पर्धा चालत नाहीं असें नव्हे. पण ज्या संस्थेवर दीपगृह, गाळ काढणें, खाडीची मोजणी हीं बिनउत्पन्नाचीं कामें आहेत, तिच्या शेजारीं फक्त उत्पन्नाचें काम करणारा मालक बसला तर पहिलीचें दिवाळें निघावयाचेंच. ही अडचण ट्रस्टच्या पहिल्या मंडळीनें ओळखली, हें त्यांच्या शहाणपणाचें लक्षण होय.

आतां ज्यास खरोखर बंदराची सामग्री म्हणावें तिच्याकडे वळूं. ‘प्रिन्सेस डॉक’ या गोदीचा पाया युवराजांच्या हस्तें नोव्हेंबर १८७५ मध्यें घातला गेला आणि १ जानेवारी १८८० रोजीं ती खुली झाली. टॉमस ऑर्मिस्टन हे तिचे स्थपति. पाण्याचें क्षेत्र तीस एकर. खणतांना तळाशीं खैराच्या झाडांचें एक बुडालेलें रान सांपडलें. पुष्कळ खोडें जागच्या जागीं उभीं होतीं. जेथें जहाजें तरंगावयाचीं तेथें एके काळीं कोरडी जमीन होती आणि ती पुढें खचली, याचा तो प्रत्यक्ष पुरावा. मुंबई बेटाच्या प्राचीन भूगोलाविषयीं वाद घालणाऱ्यांनीं या खोडांकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे होतें तितकें दिलें नाहीं. असो.

अशा गोदीचें तत्त्व सोपें आहे. मुंबईस भरती-ओहोटींत उधाणाच्या दिवशीं पंधरा-सोळा फुटांचा फरक पडतो. धक्क्याशीं उभें असलेलें जहाज दिवसांतून दोनदां एवढें वरखालीं होईल तर माल काढणें कठीण, आणि ओहोटीस तें गाळांत बसण्याची भीति. म्हणून चोहोंबाजूंनीं भिंत घालावयाची, भरतीच्या वेळीं दरवाजा उघडून जहाज आंत घ्यावयाचें, आणि पाणी उतरूं लागण्यापूर्वीं दरवाजा लावून भरती आंत कोंडून ठेवावयाची. बाहेर समुद्र उतरतो, आंत पाणी स्थिर. धक्क्यावर यारी उभी केली कीं तिचा दोर सरळ जहाजाच्या पोटांत जातो. अंधेरीच्या वाचकांस यारी रोड हें नांव रोजच्या बोलण्यांतलें आहे. येथें यारी म्हणजे जड ओझें उचलून फिरविणारें यंत्र, ज्यास आज सर्व लोक क्रेन म्हणतात. त्या काळच्या याऱ्या पाण्याच्या दाबावर चालत. एका ठिकाणीं वाफेचें इंजिन असे. तें पाणी दाबून एका उंच नळकांड्यांत भरी, त्या नळकांड्यावर शेंकडों मण वजन ठेवलेलें असे, आणि त्या वजनाच्या दाबानें पाणी नळांवाटे सर्व धक्क्यांवर खेळे. यारीवाल्यानें कळ फिरविली कीं पाण्याचा जोर ओझें उचली. दर यारीस वेगळें इंजिन, वेगळा कोळसा, वेगळा आगवाला लागत नसे. येथें भांडवलाचें मर्म दिसतें: इंजिन, नळ, भिंत, दरवाजा हीं सर्व एकाच वेळीं पुरीं व्हावीं लागतात, अर्धी गोदी अर्धें उत्पन्न देत नाहीं, कांहींच देत नाहीं.

दुसरें मर्म दरवाज्याच्या रुंदींत आहे, आणि आमच्या मतें मुंबई बंदराच्या सबंध इतिहासांत याहून महत्त्वाची गोष्ट नाहीं. प्रिन्सेस गोदीचा मोठा दरवाजा ६६ फूट रुंद होता. आठ वर्षांनीं, १८८८ सालीं, शेजारींच व्हिक्टोरिया गोदी खुली झाली. तिचा दरवाजा ८० फुटांचा करावा लागला. आठ वर्षांत चौदा फूट! जहाजें इतक्या वेगानें वाढत होतीं. या दोन्ही गोद्यांत जहाज भरतीच्या वेळींच येऊं-जाऊं शके. पुढें १९०५ सालीं तिसऱ्या, म्हणजे अलेक्झांड्रा गोदीचा पाया घातला तेव्हां ट्रस्टनें हात सैल सोडला. पाण्याचें क्षेत्र जवळजवळ पन्नास एकर. आणि प्रवेशास दुहेरी दरवाज्यांची साडेसातशें फूट लांब खोली, जिच्यांत पाणी वरखालीं करून जहाज भरती-ओहोटी न पाहतां आंत घेतां येतें. रुंदी शंभर फूट. त्या वेळचीं बहुतेक मोठीं उतारू जहाजें याहून अरुंद होतीं. तेव्हां शंभर फूट म्हणजे दूरदृष्टीची परमावधि वाटली असल्यास नवल नाहीं. २१ मार्च १९१४ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं ती गोदी खुली केली. हीच आजची इंदिरा गोदी. तिच्या खोदाईंतून निघालेल्या मातीवर बॅलर्ड इस्टेट वसली. समुद्र खणला त्याचीही जमीन झाली.

त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पनामाचा कालवा खुला झाला. त्याच्या दरवाज्यांची रुंदी ११० फूट. पुढील साठ-सत्तर वर्षें जगांतील मोठे जहाज-कारखाने पनामांतून जेमतेम जाईल अशा मापानें, म्हणजे सुमारें १०६ फूट रुंद, जहाजें बांधीत राहिले. हीं जहाजें मुंबईच्या शंभर फुटांच्या दरवाज्यांतून आंत येऊं शकत नाहींत. दहा फुटांचा हा फरक कोणाच्या निष्काळजीपणामुळें पडला नाहीं. लोखंडी यारी मोडून दुसरी बसवितां येते, आगगाडीचे रूळ उखडतां येतात. दगडी दरवाजा एकदां बांधला म्हणजे तो शंभर वर्षांनंतरच्या जहाजांवर लावलेला डाव असतो. अंधेरीच्याच भूमींत रुळांचें उदाहरण आहे. १९२८ सालीं अंधेरीपासून कुर्ल्यावरून तुर्भ्याच्या खाडीपर्यंत साष्टी-तुर्भें आगगाडी सुरू झाली आणि १९३४ सालीं ती उखडली गेली. आज तिची खूण शोधावी लागते. अशी सोय गोदीस नाहीं. फसलेली गोदी तशीच पाणी भरून उभी राहते, आणि तिचें व्याज चालूच असतें.

तें व्याज कोण भरतो? गोदीचा खर्च कर्ज काढून झाला; कर्ज फेडलें जहाजावरील बंदरपट्टीनें व मालावरील धक्का-भाड्यानें. धक्का-भाडें व्यापारी भरतो असें दिसतें. पण व्यापारी तें कापसाच्या खरेदींतून कापून घेतो किंवा कापडाच्या विक्रींत मिळवितो. तेव्हां अमरावतीचा कापूसवाला आणि नाशकाचा गिऱ्हाईक यांनींच, न कळत, या गोद्या बांधल्या. यांत अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माल लवकर व न भिजतां उतरला याचा थोडा लाभ त्यांसही झाला असेल. सांगावयाचें इतकेंच, कीं ज्या बंदरांतून दुसऱ्या प्रांतांचा माल जातो त्या बंदरावर कर्ज उभारतां येतें, कारण दूरच्या लक्षावधि लोकांकडून तें थोडें थोडें वसूल होतें. वेसाव्यास हें शक्य नव्हतें. तेथें उतरतो तो मासा. तो जवळच्या बाजारांत, त्याच दिवशीं, पकडणाऱ्याच्या घरच्या बाईच्या हातून विकला जातो. त्यावर पट्टी बसविली तर ती थेट कोळ्याच्या ताटांतून जाते. म्हणून सावकाराचा किंवा ट्रस्टचा पैसा त्या खाडीकडे वळला नाहीं.

साष्टीकडे आलेल्या पैशाचें एक उदात्त उदाहरण मात्र सांगितलें पाहिजे. माहीम आणि वांद्रें यांच्यामध्यें पूर्वीं तरी चालत असे, आणि पावसाळ्यांत तेथें होड्या उलटत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं १,५७,००० रुपये देऊन तेथें बांध घालविला. तो १८४५ सालीं खुला झाला. अट एकच होती: जाणाऱ्या-येणाऱ्याकडून कर घेऊं नये. वांद्र्याची भाजी व वेसाव्याची मासळी त्या बांधावरून करावांचून मुंबईस जाऊं लागली. साष्टीच्या वाट्यास आलेलें सर्वांत उपयोगी भांडवल परत मागणारें नव्हतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

गोद्यांच्या सामग्रीबरोबर माणसांचाही विचार झाला पाहिजे. यारीनें माल धक्क्यावर आणला तरी तेथून वखारींत व गाडींत नेण्याचें काम पाठीवरच होतें. सातारा, पुणें, रत्नागिरी या जिल्ह्यांतील हजारों माणसें त्यावर जगलीं. टोळीवाल्यांमार्फत रोजच्या रोज काम मिळे किंवा न मिळे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्याच जहाजावर कापसाच्या गांठी आणि सोन्याच्या विटाही होत्या. शेंकडों माणसें मेलीं, दोन्ही जुन्या गोद्या उद्ध्वस्त झाल्या, आणि ढिगारा उपसून त्या पुन्हा उभ्या करण्यास हजारों हात सुमारें सात महिने राबले. चार वर्षांनीं, १९४८ सालीं, गोदी कामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा झाला व रोजंदारीची जुनी पद्धत मोडूं लागली. ज्या माणसांस कायद्यानें स्थैर्य दिलें त्यांचें काम पुढील पिढींत यंत्रानें घेतलें, तें असें.

१९५६ साली अमेरिकेंत मॅक्लीन नांवाच्या मालमोटारींच्या एका मालकानें सबंध पेटीच मोटारीवरून जहाजावर चढविण्याची युक्ति काढली. हीच कंटेनरची पद्धत. पेटी बंद ती बंद. तिला पाठ लागत नाहीं, वखारही जवळ लागत नाहीं. तिला लागते धक्क्यामागें मोठी मोकळी सपाट जागा, अतिप्रचंड यारी आणि खोल पाणी. मुंबईच्या गोद्यांत तिन्हींचा अभाव: मागें शहर, पुढें शंभर फुटांचा दरवाजा. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें नवें बंदर काढलें. २६ मे १९८९ रोजीं तें चालू झालें. तेथें दरवाजे नाहींत. धक्का थेट खाडींत आहे. १९९७ सालीं तेथील एक तळ परकीय कंपनीस स्वतःच्या पैशानें बांधून ठराविक मुदतीपर्यंत चालवावयास दिला गेला. मुदतीनंतर परत, असा तो करार. हिंदुस्थानच्या मोठ्या बंदरांत ती पद्धत येथून रूढ झाली. एल्फिन्स्टन कंपनीच्या कराराशीं ताडून पाहिलें असतां एक सुधारणा उघड दिसते: येथें जमीन कंपनीची होत नाहीं. शेवा कोळीवाड्याच्या मच्छीमारांस मात्र आपला किनारा सोडावा लागला, आणि उरणजवळ दिलेल्या जागेविषयींची त्यांची तक्रार चाळीस वर्षें झालीं तरी मिटली नाहीं.

जुन्या मुंबई बंदरानेंही शेवटचा एक डाव टाकून पाहिला. २००७ सालीं खाडींत, दरवाज्याबाहेर, कंटेनरचा नवा तळ बांधण्याचा करार झाला. धक्के उभे राहिले. पेट्या रचण्यास जागा पाहिजे म्हणून प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकल्या. खैराचें रान बुडून पाणी झालें होतें, त्या पाण्याची गोदी झाली होती, त्या गोदीची पुन्हा जमीन झाली. पण ज्याकरितां हें केलें तो तळ योजल्याप्रमाणें चालला नाहीं. धक्क्यांचा उपयोग परदेशीं जाणाऱ्या मोटारगाड्या व इतर माल चढविण्याकडे झाला. ऑर्मिस्टन यांचें काम शंभराहून अधिक वर्षें टिकलें आणि कंटेनराच्या आशेवर गाडलें गेलें. इतिहासाच्या अभ्यासकांस ही घटना दुःखद वाटेल; हिशोबनीसास ती केवळ एक बुडीत रक्कम वाटेल. दोघांचेंही म्हणणें खरें आहे.

वेसाव्याकडे पुन्हा येऊं. तेथील कोळी भरती कोंडून ठेवूं शकत नाहीं, तो तिची वाट पाहतो. तिथीवरून उधाण व भांग यांचा हिशोब त्याच्या तोंडीं असतो, आणि खाडीच्या मुखाशीं वाळू साचत गेल्यानें तो हिशोब वर्षानुवर्षें अधिक कांटेकोर ठेवावा लागतो. तरी तेथें भांडवल नाहीं असें समजणें चुकीचें होईल. नौका, डोल जाळीं, स्वातंत्र्यानंतर आलेलीं इंजिनें, बर्फाचे कारखाने, तेलाची सोय, हें सर्व मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या द्वारें व कर्जानें उभें राहिलें आहे. फरक असा, कीं हें सारें भांडवल तरंगतें आहे. किनाऱ्यांत रोवलेलें नाहीं. नौका विकतां येते, दुसऱ्या खाडींत नेतां येते. मुखाचा गाळ काढणें, लाटा अडविणारा बांध घालणें, हीं रोवलेलीं कामें एका नौकेच्या मालकाच्या आवांक्याबाहेरचीं, आणि सरकारी पैसा तेथें तुकड्यातुकड्यांनीं येतो. १९६१ सालीं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईस स्थापन झाली. पुढें ती याच वेसाव्यास नांदूं लागली. समुद्राच्या विद्येस जागा मिळाली, पण पुष्कळदां येथील मोठ्या नौकांस मासळी विकण्याकरितां ससून गोदी किंवा भाऊचा धक्का गांठावा लागतो. कापसाकरितां बांधलेली ससून यांची गोदी आज मासळीची पेठ आहे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

हाच प्रश्न आतां उत्तरेस उभा राहिला आहे. डहाणूजवळ वाढवण येथें समुद्रांत नवें बंदर बांधण्यास जून २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणीचा समारंभ झाला. अंदाजी खर्च सुमारें ७६,२०० कोटि रुपये. चौऱ्याहत्तर टक्के भाग न्हावा-शेव्याच्या प्राधिकरणाचा, सव्वीस टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. चौदाशें हेक्टरांहून अधिक समुद्र भरावयाचा आहे. १९९८ सालीं याच जागीं एका परदेशी कंपनीनें आणलेली योजना डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानें नाकारली होती; २०२३ सालीं त्याच प्राधिकरणानें अटींवर संमति दिली. तेथील मच्छीमार गांवांचा विरोध जुना आहे आणि तो त्यांनीं न्यायालयापर्यंत नेला आहे. येथें दरवाज्याच्या रुंदीचा प्रश्न नाहीं, कारण दरवाजाच नाहीं; पाणी नैसर्गिकच खोल आहे व लाटांसाठीं बांध घालावयाचा आहे. डाव आतां जहाजांच्या मापावर नसून त्यांच्या संख्येवर आहे.

मुंबईच्या गोद्या बांधतांना कोणत्या कोळीवाड्याचें किती पाणी गेलें, याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें. त्या नांवाचा कोळीवाडा मशीद बंदराजवळ अद्यापि आहे, आणि भराव पडत गेला तसा समुद्र त्याच्यापासून दूर गेला. ट्रस्टच्या वार्षिक अहवालांत यारीच्या दोरापर्यंत खर्चाची नोंद आहे. मांडवीच्या जाळ्यांची नाहीं. वाढवण, वरोर, डहाणू, झाई या गांवांतील सहकारी संस्थांच्या वह्यांत कोणत्या महिन्यांत कोणता मासा किती आला याच्या नोंदी आहेत. त्या वह्या साध्या कागदाच्या, खाऱ्या हवेंत ठेवलेल्या, आणि जुन्या झाल्या कीं रद्दींत जाणाऱ्या आहेत. भराव पूर्ण होण्यापूर्वीं त्यांच्या नकला करून घेणें हें काम इतिहास-संशोधकांच्या कक्षेंतलें आहे, आणि वेसाव्याच्या संस्थांच्या वह्यांपासून त्याचा आरंभ करणें अंधेरीच्या मंडळींस सोयीचें पडेल.